उद्योग करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एक हंगाम द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पदवीच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या उद्योगासाठी हक्काचा वेळ मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

द्राक्षपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी एकवीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो आणि गेली सहा वर्षे महाविद्यालयाच्या नवोपक्रम कक्षाचे काम पाहतो. उद्योजकतेवरच्या प्रत्येक कार्यक्रमात एक वाक्य हमखास ऐकू येते, की आपल्या मुलांना धंद्याची वृत्तीच नाही, त्यांना फक्त नोकरी हवी असते. हे वाक्य बोलणाऱ्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. मात्र माझ्या समोरच्या बाकांवर बसणाऱ्या मुलामुलींमध्ये मला जे दिसते ते याच्याशी जुळत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने बेदाण्याच्या शेडसाठी एक उपकरण तयार केले. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात आणि पंधराएक दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकवतात. या दिवसांत हवा दमट झाली किंवा मार्चमध्ये अवकाळीची सर आली, तर माल काळा पडतो आणि सौद्यात त्याला दर मिळत नाही. शेडचे पडदे वेळेवर सोडले तर बरेचसे नुकसान टळते; पण रात्री दोन वाजता हवा फिरली हे झोपलेल्या माणसाला कळणार कसे? या मुलाने प्लास्टिकच्या जेवणाच्या डब्याला तापवलेल्या खिळ्याने भोके पाडली, आत दमटपणा मोजणारा सेन्सर आणि सिम कार्डाचे मॉड्यूल बसवले, आणि दमटपणा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की शेडमालकाच्या फोनवर मिस्ड कॉल जाईल अशी व्यवस्था केली. मेसेज का नाही, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, मेसेजने आमचे आप्पा उठत नाहीत, आणि मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत." सगळा खर्च अठराशे रुपयांच्या आत होता.

पहिल्या हंगामात डबा आठ दिवसांतच बंद पडला. प्रयोगशाळेत महिनाभर बिनतक्रार चाललेला सेन्सर शेडवर गेल्यावर चुकीचे आकडे दाखवू लागला. आम्ही वायरिंग तपासले, बॅटरी बदलली, काही उपयोग झाला नाही. शेवटी त्या मुलाच्याच लक्षात आले, की शेजारच्या खोलीत बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तो धूर डब्यापर्यंत येतो आणि सेन्सर खातो. ही गोष्ट मला पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. तो शेडवर राबणाऱ्या मजुरांबरोबर दोन रात्री झोपला म्हणून त्याला ती कळली. त्याने डब्याची जागा बदलली, भोकांवर गाळणीचे कापड लावले, आणि हंगाम संपेपर्यंत परिसरातल्या अकरा शेडमालकांनी डबा मागितला. सहा जणांनी पाचशे रुपये आगाऊही दिले.

बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असा असतो आणि आमचे दुसरे सत्रही त्याच महिन्यांत चालते. त्या मुलाची उपस्थिती अठ्ठावन्न टक्के भरली. ७५ टक्क्यांच्या नियमाप्रमाणे त्याचे नाव कमी उपस्थितीच्या यादीत फलकावर लागले, वडिलांना बोलावून हमीपत्रावर सह्या घेतल्या गेल्या, आणि त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या प्रदर्शनात उत्कृष्ट नवकल्पनेचे प्रमाणपत्रही त्याला मिळाले. वडिलांनी त्या दोन कागदांपैकी हमीपत्राचा कागद खरा मानला. पुढच्या हंगामात तो शेडवर गेला नाही. सहा जणांचे पाचशे रुपये त्याने परत केले. आज तो पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरी करतो, घरी पैसे पाठवतो, आणि त्याच्या निर्णयात मला काहीही चूक दिसत नाही. चूक आमची, शिक्षणव्यवस्थेची आहे, आणि तिच्यात मीही आलो, कारण त्या यादीवर विभागप्रमुख म्हणून माझी सही होती.

महोदय, मानसशास्त्रज्ञ इसेक आयझेन यांनी १९९१ च्या लेखात सविस्तर मांडलेला एक सिद्धान्त उद्योजकतेच्या अभ्यासात जगभर वापरला जातो. माणूस एखादी गोष्ट करायचे ठरवतो ते तीन गोष्टींवरून : त्या गोष्टीविषयी त्याचे स्वतःचे मत, जवळच्या माणसांना तिच्याविषयी काय वाटते याची त्याची समजूत, आणि ती आपल्याला जमेल हा विश्वास. आपले बहुतेक कार्यक्रम यातल्या पहिल्याच गोष्टीभोवती फिरतात. यशस्वी उद्योजकाचे व्याख्यान होते, मुले भारावतात, टाळ्या पडतात. पण माझ्या विद्यार्थ्यांचे उद्योगाविषयीचे मत आधीपासूनच चांगले असते. बागायतदाराच्या, किराणा दुकानदाराच्या, गॅरेजवाल्याच्या घरातली ही मुले आहेत. जोखीम म्हणजे काय हे त्यांना व्याख्यात्यापेक्षा अधिक माहीत असते. अडते ते उरलेल्या दोन ठिकाणी.

घरच्यांचेच पाहा. आमच्या गावातली कित्येक कुटुंबे मुलाला स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला पाठवतात, खोलीभाडे, मेस आणि अभ्यासिकेचा खर्च चार-चार, पाच-पाच वर्षे सोसतात, आणि निवड झाली नाही तरी त्या वर्षांबद्दल मुलाला कोणी नावे ठेवत नाही. त्याच मुलाने एक वर्ष उद्योगासाठी मागितले, तर घरात भांडण होते. हे आईवडिलांचे अज्ञान आहे असे मी मानत नाही. परीक्षेच्या वाटेवर तारीख असते, अभ्यासक्रम असतो, प्रयत्न मोजता येतात; तिथे घालवलेल्या वर्षाला समाजाची मान्यता असते. उद्योगासाठी घालवलेल्या वर्षाला अशी कोणतीही मान्यता नसते, आणि ती देण्याचे सामर्थ्य विद्यापीठाच्या शिक्क्यात आहे.

जमेल हा विश्वास तर व्याख्यानाने येतच नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेतली अध्यापकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला आले, आधी सायकली विकल्या आणि पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षे घालवावी लागली. ही कथा आम्ही मुलांना धीराचे उदाहरण म्हणून सांगतो, पण त्या दोन वर्षांचा अर्थ स्वतः लावत नाही. आमचे एक सत्र चार-पाच महिन्यांचे असते, त्यात दोन अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिके आणि सत्रान्त परीक्षा बसवलेल्या असतात. एवढ्या अवधीत कल्पना सुचू शकते, तिचा नमुना तयार होऊ शकतो, तक्त्यावर मांडून पारितोषिकही मिळू शकते. गिऱ्हाइकाने वस्तू वापरणे, ती बिघडणे, त्याने ती परत आणून देणे आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पैसे मोजणे, हे मात्र त्यात बसत नाही. शेतीशी जोडलेल्या उद्योगात तर हंगाम वर्षातून एकदाच येतो आणि तो हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते.

यावर उपाय कागदावर आहेत, आणि ते चांगले आहेत, हे मी मनापासून मान्य करतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने नवोपक्रमासाठी विद्यापीठांत स्वतंत्र मंडळाची तरतूद केली. केंद्र सरकारच्या २०१९ च्या विद्यार्थी व अध्यापकांसाठीच्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात तर स्पष्ट म्हटले आहे, की उद्योग उभा करणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थेच्या परवानगीने कमी उपस्थितीतही परीक्षेला बसू द्यावे, एक सत्र किंवा एक वर्ष खंड घेऊन परत येण्याची मुभा द्यावी, आणि संस्थेने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकाचा किमान एक टक्का नवोपक्रमावर खर्च करावा. परंतु हे धोरण मार्गदर्शक आहे. प्राचार्यांनी ते लागू केले नाही तर कोणी विचारत नाही. लागू केले आणि तपासणीत उपस्थितीचा प्रश्न निघाला तर उत्तर मात्र त्यांना द्यावे लागते. अशा स्थितीत कोणताही जबाबदार प्राचार्य उपस्थितीचाच नियम पाळणार. शिवाय राज्याचे स्टार्टअप, उद्योजकता व नावीन्यता धोरण २०२५ मध्ये आले, त्यात पाच वर्षांत सव्वा लाख उद्योजक आणि ५०,००० स्टार्टअप असे उद्दिष्ट आहे. पण ते धोरण कौशल्य विकास विभागाचे, आणि ज्यांच्यातून हे उद्योजक यायचे ती पदवीची मुले आपल्या विभागाची. त्यांच्या वेळापत्रकावर अधिकार आपला आहे, म्हणून मी आपल्याला लिहितो आहे.

माझी मुख्य मागणी एकच आहे. ज्या विद्यार्थ्याच्या कामाला महाविद्यालयाच्या समितीने मान्यता दिली आहे आणि ज्याच्याकडे किमान काही खरे ग्राहक आहेत, त्याला पदवीच्या काळात एका हंगामाचा वेळ हक्क म्हणून मिळावा. तो प्राचार्यांच्या मर्जीवर न ठेवता विद्यापीठाच्या अध्यादेशात नमूद करावा, म्हणजे कमी उपस्थितीची नोंद 'मान्य उद्योगकार्य' अशी होईल आणि घरच्यांनाही विद्यापीठाचा शिक्का दिसेल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीला ऑन जॉब ट्रेनिंगचे चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत, म्हणजे सुमारे १२० तासांचे काम. आज त्यासाठी विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या आस्थापनेत जाऊन प्रमाणपत्र आणावे लागते. ते तास स्वतःच्या उद्योगात घालवले तर ग्राह्य धरावेत. पुरावा म्हणून विक्रीची वही, ग्राहकांच्या तक्रारी आणि त्यावर केलेल्या दुरुस्त्यांची नोंद मागावी. ही नोंद कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक शिकवते, आणि उद्योग चालला नाही तरी श्रेयांक कापले जाऊ नयेत.

याला जोडून पेटंटचे एक लहान काम आहे, पण त्याने पुढचे नुकसान टळेल. २००६ पासून चालत आलेल्या 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसारख्या स्पर्धांत आणि महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत विद्यार्थी आपली कल्पना तपशिलासह मांडतात. पेटंटचा अर्ज करण्याआधी कल्पना अशी जाहीर झाली, तर सर्वसाधारणपणे तिचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारखे थोडेच अपवाद आहेत. तात्पुरत्या तपशिलासह ऑनलाइन अर्ज करायला व्यक्तीला १,६०० रुपये मूळ शुल्क पडते आणि पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात. प्रदर्शनाच्या आधी निवडक प्रकल्पांचा हा अर्ज महाविद्यालयाने आपल्या खर्चाने भरावा, असे परिपत्रक आपण काढू शकता.

मोजमापाविषयीही बोलायला हवे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' या संस्थेच्या अहवालासाठी आम्ही उद्योजकता आणि बौद्धिक संपदेवरच्या कार्यशाळांची संख्या नोंदवतो, त्यामुळे वर्षभर कार्यशाळा होत राहतात. माझ्या कक्षाने गेल्या वर्षी चौदा घेतल्या. राज्य आपल्या पातळीवर आणखी एक आकडा मागू शकते : या वर्षी किती विद्यार्थ्यांनी घरच्या माणसांव्यतिरिक्त कोणाला तरी काहीतरी पैसे घेऊन विकले? आमच्याकडे तो आकडा आज एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि तो दरवर्षी लिहून द्यावा लागला तर आमचे काम आपोआप त्या दिशेने वळेल.

तो डबा आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात तीन वर्षे पडून होता. यंदा तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तो बाहेर काढला आहे. तिने सेन्सर बदलला, डब्याला सौर पट्टी जोडली, आणि जुन्या अकरांपैकी चार शेडमालकांना स्वतः भेटून आली. रात्री शेडवर थांबण्याला तिच्या घरून परवानगी नाही, म्हणून तिने आकडे घरूनच फोनवर पाहता येतील अशी सोय केली आणि धुरीच्या दिवशी डबा हलवण्याचे काम शेडवरच्या मजूर बायकांना शिकवले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिला माल रॅकवर पडेल. आजच्या नियमाने एप्रिलमध्ये तिची उपस्थिती कमी भरेल आणि ती यादी सहीसाठी पुन्हा माझ्याच टेबलावर येईल. आपण जानेवारीअखेर विद्यापीठांना परिपत्रक पाठवलेत, तर ते तिला याच हंगामात लागू होईल.

आपला नम्र,
पदार्थविज्ञानाचा एक अध्यापक