सत्तरीच्या प्रवाशाचा दाखला हवा, मग बोटीचा का नको?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पर्यटन पुरवणीत क्रूझवर पानभर मजकूर आला होता. बॅलार्ड पिअरचं नवं टर्मिनल, ‘क्रूझ भारत मिशन’, २०२९पर्यंत प्रवासी दुप्पट करण्याचा सरकारचा बेत, सगळं वाचलं. ज्येष्ठांना ही सहल सोयीची असते हेही त्यात होतं आणि ते खरंच आहे. बॅग एकदाच उघडायची, रोज हॉटेल बदलायचं नाही, गुडघे कुरकुरले तर लिफ्ट आहे. पण पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर या ज्येष्ठांचं काय करणार, यावर त्यात एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मार्च २०२०मध्ये मी आणि सौ. न्यू जर्सीला मुलीकडे होतो. २२ तारखेला फ्लोरिडाहून सात दिवसांच्या क्रूझवर निघायचं ठरलं होतं. त्याआधी बारा-तेरा दिवस कंपनीचा मेल आला: सत्तर किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रवाशाने प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणावा. मी तेव्हा ७१ वर्षांचा, सकाळी एक रक्तदाबाची गोळी, बाकी ठणठणीत. सौ. ६६ वर्षांची, वीस वर्षांचा मधुमेह, इन्शुलिन चालू, थंडीत दमा. दाखला फक्त माझा मागितला होता! ती म्हणाली, ‘‘माझं वय मदतीला आलं बघा.’’

डोंबिवलीच्या आमच्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅप केलं. त्यांचं उत्तर मी अजून जपून ठेवलं आहे: ‘‘काका, तपासल्याशिवाय मी लिहीत नाही. आणि तपासून तरी काय लिहू? शेजारचा माणूस खोकला तर यांना काही होणार नाही, असं?’’ तिथला डॉक्टर शोधेपर्यंत १३ मार्च उजाडला आणि अमेरिकेतल्या बहुतेक क्रूझ कंपन्यांनी स्वतःहूनच बोटी थांबवल्या. (पैशांऐवजी कंपनीने पुढच्या सहलीचं क्रेडिट दिलं. ते वापरायच्या आत त्याची मुदत संपली. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

वयाची अट अपमानाची होती असं मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यानेही त्याच आठवड्यात सत्तरीपुढच्या नागरिकांना क्रूझ टाळायला सांगितलं होतं. जपानमध्ये योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या क्रूझवर ३,७११ माणसं होती, त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली आणि दगावले ते बहुतेक म्हातारेच. तेव्हा वयाचा धोका खरा होता. पण त्याच बोटीवर लागण झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना तपासणीच्या वेळी कसलंही लक्षण नव्हतं. छातीला स्टेथोस्कोप लावून दिलेल्या दाखल्यात ते कुठून दिसणार? मग कॅलिफोर्नियाजवळ ‘ग्रँड प्रिन्सेस’ थांबवली, तिच्यावर हेलिकॉप्टरने तपासणीचे संच उतरवले. पहिल्या ४६ नमुन्यांपैकी २१ पॉझिटिव्ह आले. त्यात प्रवासी दोन आणि कर्मचारी १९. प्रवासी सहलीगणिक बदलतात, कर्मचारी त्याच बोटीवर महिनोन्महिने राहतात, खालच्या डेकवर एकेका खोलीत दोघं-दोघं झोपतात, आणि आपल्या पानात वाढतात तेच. यांतली किती मुलं गोव्याची आणि आपल्या कोकणातली असतात हे वेगळं सांगायला नको. ‘डायमंड प्रिन्सेस’वरही शंभराहून जास्त भारतीय कर्मचारी होते. आजार त्यांच्यात फिरत होता आणि दाखला मात्र माझ्याकडे मागितला जात होता.

मी पोर्ट ट्रस्टमध्ये चौतीस वर्षं नोकरी केली, म्हणून एक माहिती देतो. बोटीचाही आरोग्याचा दाखला असतो. बाहेरदेशातून बंदरात येताना कॅप्टन एका ठरावीक नमुन्यात आरोग्याचं निवेदन भरून सही करतो आणि बोटीवर डॉक्टर असेल तर त्याचीही सही लागते. या प्रवासात अपघात सोडून कोणाचा मृत्यू झाला का? आजारी माणसं नेहमीपेक्षा जास्त आहेत का? आत्ता कोणी आजारी आहे का? गेल्या तीस दिवसांत कोणकोणत्या बंदरांना लागलात? असे सरळ प्रश्न असतात. हे पाहून पोर्ट हेल्थ ऑफिसर परवानगी देतो, तिला आमच्यात ‘प्रॅटिक’ म्हणायचे. तोवर बोटीवर पिवळा बावटा. लोकांना वाटतं पिवळा म्हणजे रोगराई, पण त्याचा अर्थ उलटा आहे: माझी बोट निरोगी आहे, आत येऊ द्या.

हे निवेदन बंदराला मिळतं. त्याच बोटीवर दोन तासांनी चढणाऱ्या आजी-आजोबांना मात्र कोणी दाखवत नाही. मागच्या फेरीत किती जण आजारी पडले, हे ज्याच्या जिवाशी सर्वात जास्त संबंधित, त्यालाच माहीत नसतं. साथीच्या काळात हा कागद बुकिंगच्या खिडकीवर लावायला काय हरकत आहे? सोबत बोटीवर डॉक्टर किती, ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरची सोय काय, वेगळं ठेवायला केबिन किती, आणि वाटेत कोणाला उतरवावं लागलं तर कुठल्या बंदरात आणि कोणाच्या खर्चाने, हेही मराठीत लिहावं. बोटीवरच्या दवाखान्याचं बिल बहुधा केबिनच्या खात्यावर चढतं आणि आपली घरची मेडिक्लेम तिथे चालेलच असं नाही, हे कितीजणांना ठाऊक आहे?

नियम करायचाच तर सर्वांना सारखा करावा. ब्रिटनमधल्या ‘सागा’ या क्रूझ कंपनीने, जिचे ग्राहकच पन्नाशीपुढचे, जानेवारी २०२१मध्ये प्रत्येक प्रवाशाला लशीचे दोन्ही डोस सक्तीचे केले. तो नियम मला पटला. डोस घेतला की नाही, हे कागदावरून कळतं. पण तोही पुरा पडत नाही, हे आपण इथेच पाहिलं. २०२२च्या जानेवारीत नववर्षासाठी मुंबईहून गोव्याला गेलेल्या क्रूझवर सुमारे दोन हजारांपैकी ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि मुरगावहून बोट परत फिरवावी लागली. तेव्हा बोटीचा कागद लागतोच.

सौ.ची हौस अजून फिटलेली नाही. परवा स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. माहितीपत्रकात जेवणाची सात ठिकाणं, कॅसिनो, पोहण्याचा तलाव, सगळं फोटोंसह होतं. मी विचारलं, ‘‘बोटीवर डॉक्टर किती?’’ त्याने पत्रक उलटसुलट केलं आणि म्हणाला, ‘‘काका, सगळं एसी आहे.’’ मग फॉर्म पुढे ओढून त्याने आमची वयं विचारली.

आपला,
एक निवृत्त बंदर कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)