मोटरीला प्रिव्हेंटर असतोय, ह्याला काय हाय?

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

तुमच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "ऱ्हाऊ द्या की" म्हणता आणि चहा सांगता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

मामांनी १९८६ साली कुवेतहून आणलेला कमोडोर ६४ हा आमच्या घरातला पहिला संगणक. मी बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकलो ते त्याच्यावर. २०१९ च्या महापुरात तो माळ्यावर होता म्हणून वाचला. त्याचा अडॅप्टर मात्र खालच्या कपाटात होता, तो कृष्णेच्या पाण्यात गेला.

जुना अडॅप्टर कुठून मिळाला असता तरी मी लावला नसता. त्यातला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग, वयानं बिघडला की ५ व्होल्टच्या जागी जास्त सोडतो, आणि मेमरीच्या चिपा जातात. मोबाइलचा चार्जर लावा, असं दोघांनी सुचवलं. त्यानंही भागत नाही, कारण ह्या मशिनला ५ व्होल्ट डीसीसोबत ९ व्होल्ट एसीही लागतं. त्या एसीपासून आत १२ व्होल्ट तयार होतं, ते आवाजाच्या चिपला जातं. आणि आतलं एक घड्याळ त्याच एसीचे ५० हर्ट्झ मोजत चालतं.

म्हणून नवा अडॅप्टर स्वतःच बांधायचं ठरवलं आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर भरून घ्यायला तुमच्याकडं आलो. हे मी तुम्हाला सांगत होतो तेव्हा दारात उसाच्या रानातनं आलेल्या जळक्या मोटरी रांगेत होत्या. ऐन हंगामात एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरला कोण वेळ देणार, असं मनात आलं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि कागद-पेन्सिल मागितली.

एका व्होल्टला तारेचे पाच टर्न, म्हणजे वेढे. प्रायमरीला, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज घेणाऱ्या गुंडाळीला, ११५०. दोन्ही सेकंडरी, म्हणजे कमी व्होल्ट बाहेर देणाऱ्या गुंडाळ्या, पार वेगळ्या, एकीचा दुसरीशी संबंध नाही. ९ व्होल्टला माझ्या हिशेबानं ४५ टर्न पुरे होते. तुम्ही ४८ लिहिलंत. "तीन जादा मारतो. लोड आला की व्होल्टेज बसतंय."

प्रायमरी भरताना मध्येच एक शेतकरी पंप घेऊन आले. वाइंडिंगच्या मशिनला काउंटर असूनही तुम्ही हँडल थांबवून भिंतीवर खडूनं ६४० लिहिलंत आणि मगच उठलात. परत आल्यावर आकडा ताडून पाहिलात. प्रत्येक थरावर कागद, कागदाच्या कडा बोटानं दाबून बसवलेल्या, शेवटी वॉर्निश. दोन दिवस उन्हात वाळल्याशिवाय तो माझ्या हातात दिला नाहीत.

पण हे पत्र मुख्यतः तुमच्या एका प्रश्नासाठी आहे. एसीचं डीसी करणारा ब्रिज, कपॅसिटर, ३ अँपिअरचा एलएम ३२३ रेग्युलेटर आणि त्याचा हीटसिंक असं सगळं पेटीत बसवून मी दाखवायला आणलं. तुम्ही विचारलंत, "हा रेग्युलेटर शॉर्ट झाला तर? मोटरीला प्रिव्हेंटर असतोय, ह्याला काय हाय?"

प्रिव्हेंटर म्हणजे एखादी फेज गेली की मोटर बंद करून वाचवणारं उपकरण. माझ्या पेटीत तसलं काहीच नव्हतं. रेग्युलेटर शॉर्ट झाला असता तर ११ व्होल्ट थेट आत गेले असते. जुन्या अडॅप्टरची ज्यासाठी भीती वाटत होती, तेच मी स्वतःच्या हातानं पुन्हा बांधलं होतं. घरी येऊन त्याच रात्री व्होल्टेज चढलेलं ओळखणारा एक झेनर, स्विचसारखा एक थायरिस्टर आणि फ्यूज घातला. व्होल्टेज सहाच्या आसपास चढलं की थायरिस्टर लाइन शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. मशिन राहतं.

त्यानंतरही तुम्ही संगणक जोडू दिला नाहीत. ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचे २१ वॉटचे दोन बल्ब दिलेत, एकेका आउटपुटवर एकेक. तीन तास ते लावून ठेवले, दर थोड्या वेळानं ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पत्त्यांवर तळहात ठेवून बघितलं. कोमट, बास. बिनलोडला ९.६ होतं, लोडवर ९.१. डीसीला ५.०२. तुमचे तीन टर्न कशासाठी होते ते मीटरवर दिसलं.

मग जोडला. निळा पडदा आला, ३८९११ बाइट मोकळे असल्याची ओळ आली, खाली कर्सर लुकलुकायला लागला. मामा असते तर पहिला फोन त्यांना केला असता. आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि बराच वेळ त्या निळ्या पडद्याकडं बघत उभी राहिली.

अण्णा, तुमचे दोन्ही बल्ब अजून माझ्याकडं आहेत. रविवारी आणून देतो. संगणकही घेऊन येतो, टीव्ही तेवढा दुकानातला लागेल.

आपला,
ट्रान्सफॉर्मरवाला पोरगा, सांगली