भेटवस्तू की फिरती जाहिरात?

महोदय,

सौंदर्यप्रसाधनांचे ब्रँड हल्ली पिशव्या, स्वेटशर्ट आणि मोबाइलची कव्हरेही विकतात, त्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. ‘निव्वळ जाहिरातबाजी’ अशी त्यांची सरसकट बोळवण मात्र पटली नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टारफेस’चे उदाहरण घ्यावे. मुरुमावर चिकटवायची, आतला द्राव शोषून घेणारी हायड्रोकोलॉइडची पट्टी सहसा पारदर्शक, कोणाला दिसू नये अशीच असे. या कंपनीने तिला पिवळ्याधमक चांदणीचा आकार दिला आणि त्या चांदण्यांसाठी हसऱ्या चेहऱ्याची, आत आरसा असलेली, पुन्हा भरता येणारी डबी काढली. रंग आणि आकार हीच त्या डबीची ओळख असल्याने तिच्यावर ठळक नाव मिरवण्याची गरज उरत नाही. ‘रोड’ या कंपनीच्या मोबाइल कव्हरलाही ओठांच्या प्रसाधनाची नळी नेमकी बसेल अशी खोबण आहे. ते कव्हर हातात बोजड वाटत असेलही, पण त्याची कल्पना मूळ उत्पादनातूनच आली आहे.

आपल्याकडे पुष्कळदा एखाद्या पुरवठादाराकडचा तयार मग किंवा बटवा निवडून त्यावर फक्त लोगो छापला जातो, चार धुण्यांत छपाईला भेगा पडतात आणि बटव्याची चेन अडकू लागते. खेळकर रूपाला लहान मुले भुलतात, हेही आरेखनकारांनी ध्यानात घ्यावे. रेटिनॉल (सुरकुत्यांवर वापरला जाणारा, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातला घटक) किंवा तीव्र आम्ले असलेल्या, म्हणजे मुलांसाठी नसलेल्या, प्रसाधनांच्या जोडीला स्टिकर आणि खेळण्यासारख्या किल्लीसाखळ्या देऊ नयेत.

– एक वाचक, पुणे