आमदाराला आत्ताच विचारा

महोदय,

राष्ट्रपती कोण व्हावे, यावर चर्चा भरपूर होते. मत मात्र निवडून आलेले खासदार-आमदारच देतात. नामनियुक्तांना मत नाही. १९७१ च्या जनगणनेतील महाराष्ट्राची ५,०४,१२,२३५ लोकसंख्या २८८ आमदारांनी आणि मग हजाराने भागली की एका आमदाराच्या मताचे मूल्य निघते १७५. सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७! म्हणजे आपल्या आमदाराचे मत जड आहे.

तरीही २०२२ मध्ये खासदार-आमदारांची ५३ मते बाद झाली, ही गोष्ट मनाला लागते. नियम अवघड नाहीत. आमदारांची मतपत्रिका गुलाबी, खासदारांची हिरवी. निवडणूक आयोगाने दिलेल्या पेननेच उमेदवारांपुढे पसंतीचा आकडा लिहायचा. मराठी '१' चालतो, पण अक्षरी 'एक' लिहिले की मत बाद. पुढच्या पसंती सक्तीच्या नाहीत, मात्र त्या रिकाम्या सोडू नयेत. १९६९ मध्ये पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा (जिंकण्यासाठी लागणारे किमान मतमूल्य) गाठता आला नाही आणि व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर जिंकले.

या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही. तेव्हा २०२७ च्या मतदानाआधी प्रत्येकाने आपल्या आमदाराला थेट विचारावे : पहिली पसंती कोणाला आणि का?

— एक मतदार, सातारा