घरगुती पाळणाघरांचे प्रशिक्षण घरातच व्हावे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरगुती पाळणाघरांची चर्चा सुरू झाली की ती कॅमेरे, नोंदणी आणि जागेचे क्षेत्रफळ यांभोवतीच फिरते. ‘सांभाळणारी व्यक्ती प्रशिक्षित असावी’ हे वाक्य शेवटी कुठेतरी येते आणि तिथेच संपते. प्रशिक्षण कशाचे, किती तासांचे, कोणी आणि कुठे द्यायचे, नंतर ते उपयोगी पडले की नाही हे कोणी पाहायचे, याबद्दल कोणी बोलत नाही. हे प्रशिक्षण देणारे म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, बहुतेक शिबिरांची मांडणीच चुकते. मोठ्या पाळणाघरांसाठी केलेला अभ्यासक्रम थोडा कापून घरी मुले सांभाळणाऱ्या ताईंपुढे ठेवला जातो.

मोठ्या पाळणाघरात वयानुसार खोल्या असतात, स्वयंपाक दुसरे कोणी करते, काही अडले तर विचारायला वरिष्ठ असतात. घरात ताई एकटी. भोवती आठ महिन्यांचे रांगते बाळ, दोन-अडीच वर्षांची दोघे, चार वर्षांची एक मुलगी आणि शाळा सुटल्यावर येणारा आठ वर्षांचा मुलगा. त्यात दाराची घंटा वाजते. शिबिरात मात्र सकाळी ‘0 ते 1 वर्ष’ आणि दुपारी ‘1 ते 3 वर्षे’ अशी व्याख्याने होतात. बाळाची शी काढताना अडीच वर्षांचे पोर खिडकीपाशी खुर्ची ओढत नेते, त्या क्षणी काय करायचे हे कोणत्याच व्याख्यानात येत नाही.

लंगोट बदलणे हे काम सगळ्यांना येते असे धरले जाते, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. एकट्या ताईने हे काम टेबलावर करू नये, जमिनीवर पुसता येईल अशी चटई घालून करावे. उंचावर बाळाला सोडून वळावे लागले तर ते पडते, आणि दुसऱ्या मुलाकडे वळावे लागणारच असते. पाठ भिंतीकडे आणि तोंड खोलीकडे ठेवून बसावे. सुरुवात करण्याआधी नवा लंगोट, ओली फडकी, झाकणाची बादली आणि कपड्यांचा जोड हाताच्या अंतरावर हवा. पुसणे नेहमी पुढून मागे. घाणेरडा लंगोट आधी बादलीत, मगच स्वच्छ लंगोट हातात घ्यायचा. शेवटी बाळाचेही हात धुवायचे, कारण मधल्या वेळात ते खाली गेलेलेच असतात. स्वतःचे हात साबणाने किमान 20 सेकंद.

त्यानंतर चटई, आणि इथे बहुतेकांचे चुकते. जंतुनाशक थेट मळलेल्या जागी फवारले तर त्यातले क्लोरीन घाणीवरच खर्ची पडते. आधी साबण-पाणी, मग जंतुनाशक. बाटलीवर 5 टक्के लिहिलेले साधे ब्लीच असेल तर 1 लिटर थंड पाण्यात 20 मिलिलिटर घालावे, म्हणजे साधारण 0.1 टक्क्याचे द्रावण होते. ते रोज ताजे करावे, कारण उरलेल्या द्रावणाची ताकद कमी होत जाते. गरम पाण्यात तर आणखी लवकर. लावल्यावर लगेच पुसू नये, जागा काही मिनिटे ओली राहू द्यावी. ब्लीच आणि संडास साफ करायचे आम्ल एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. आणि हे द्रावण सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. हे सगळे पडद्यावर दाखवायला पाच मिनिटे लागतात. हाताला बसायला तीन-चार वेळा करून पाहावे लागते, तेही स्वतःच्या घरात, कारण नळ कुठे आहे आणि चटई कुठे मावते हे प्रत्येक घरात वेगळे असते.

घराची सुरक्षितता तपासण्याचा धडाही छापील यादीवर भागवला जातो. तो ताईसोबत गुडघ्यांवर रांगत, बाळाच्या उंचीवरून घर पाहून घ्यायला हवा. सोफ्याखालचे नाणे, लोंबणारी वायर, पडद्याची दोरी उभ्याने दिसत नाही. खेळण्यांच्या सुरक्षा तपासणीत 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असे मानतात. ती नळी प्रत्येक प्रशिक्षणार्थीला द्यावी. मिश्र वयाच्या घरात खरा धोका बाळाच्या खेळण्यांचा नसतोच, आठ वर्षांच्या मुलाच्या मण्यांचा, चुंबकांचा आणि ठोकळ्यांचा असतो. त्यावर एक साधी युक्ती आहे: कठड्याच्या आवारात बाळाला कोंडण्याऐवजी मोठ्या मुलाला त्याच्या बारीक खेळण्यांसह आत बसवायचे आणि बाळाला बाहेर मोकळे रांगू द्यायचे. मोठ्या मुलालाही ‘माझी जागा’ मिळाल्याचे समाधान.

रिमोटमधली गोल चपटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, त्यामुळे ‘शीतून पडेल’ म्हणून वाट पाहायची नाही आणि उलटीही काढायची नाही. थेट रुग्णालय गाठायचे. बादलीतले चार-पाच सेंटिमीटर पाणीही नुकते चालू लागलेल्या मुलाला बुडायला पुरते. डोके जड असल्याने ते उलटे पडते आणि त्याला स्वतःला उचलता येत नाही. बादली रिकामी करून पालथी घालणे हाच उपाय. गरम पेय ओतल्यानंतर पंधरा मिनिटांनीही कोवळी कातडी भाजू शकते. भाजले तर जागा 20 मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावी. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच.

झोपेच्या बाबतीत गप्प राहणे परवडत नाही. एक वर्षाखालचे बाळ उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-दुलई-मऊ खेळण्यांशिवाय झोपवायचे. अमेरिकेत 1994 मध्ये बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. पाळणाघरासाठी यातला एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. जे बाळ घरी उताणेच झोपते, त्याला नव्या ठिकाणी पालथे झोपवले तर धोका नेहमीच्या पालथ्या झोपेपेक्षाही वाढतो. म्हणून ‘तुमच्याकडे कसे झोपते?’ हे पालकांना पहिल्याच दिवशी विचारावे, आणि उत्तर काहीही आले तरी आपण उताणेच झोपवू हेही त्याच वेळी सांगावे. टेकून बसवण्याच्या खुर्चीत बाळाला डुलकी लागली तर हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग अरुंद होतो. उचलल्यावर जागे होईल म्हणून तसेच ठेवण्याचा मोह होतो, पण उचलायलाच हवे.

प्रथमोपचाराचा भाग बाहुलीवर सराव न करता शिकवला गेला असेल, तर तो शिकवलाच नाही असे आम्ही धरतो. बाळाच्या घशात काही अडकले, रडूही फुटत नाही आणि खोकताही येत नाही, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये 5 थापट्या. न सुटल्यास उताणे करून छातीच्या मधोमध 5 दाब. एक वर्षावरील मुलाला थापट्यांनंतर पोटावर दाब. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपून काढायला जाऊ नये, ती आणखी आत जाते. श्वास थांबला असेल तर एकट्या माणसाने छातीवर 30 दाब आणि तोंडाने 2 श्वास, दाब मिनिटाला 100 ते 120 या वेगाने. दाबाची खोली बाळासाठी सुमारे 4 आणि मोठ्या मुलासाठी सुमारे 5 सेंटिमीटर. सरावात दोन चुका सर्रास दिसतात: दाब फार हलका पडतो, आणि दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ दिली जात नाही, त्यामुळे हृदय पुन्हा भरत नाही.

हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरणीला लागते, हे वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही दिसले आहे. इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्यांना लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा 12 तासांचा अभ्यासक्रम दर तीन वर्षांनी नव्याने करावा लागतो. तो हवाच, पण मधल्या काळात दर तिमाहीला बाहुलीवर पंधरा मिनिटांचा सराव घेतला तर फायदा जास्त. शिवाय एकट्या ताईला आणखी एक गोष्ट शिकवावी लागते: आपण बाळावर वाकलेलो असताना बाकीची चार मुले कुठे? फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवणे, मुलांना ठरलेल्या जागी बसवणारा एकच शब्द, शेजारचे दार वाजवायला मोठ्या मुलाला पाठवणे, याची रंगीत तालीम मुलांसह व्हायला हवी. मुलांना ती खेळासारखी वाटते, घाबरत नाहीत.

औषधांबद्दल थोडक्यात. पालकांची लेखी परवानगी, औषधाचे नाव, मात्रा, शेवटचा डोस किती वाजता दिला, हे चार मुद्दे नसतील तर औषध द्यायचे नाही. तापाच्या औषधाचे थेंब आणि सिरप यांत एका मिलिलिटरमध्ये असलेले औषध चौपटीनेही वेगळे असू शकते, म्हणून ‘पाच मिली’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी धोक्याची. मोजायला बाटलीसोबत आलेलीच पिचकारी, घरातला चमचा नाही.

मुलांशी बोलण्याचे शिक्षण सर्वांत कमी वेळात उरकले जाते. बहुतेक ठिकाणी त्याऐवजी रंगीत तक्ते आणि कागदी फुले करायला शिकवतात (तक्ते प्रशिक्षणाच्या फोटोत छान दिसतात, हे मान्य). खरे तर बाळाने ‘आ’ केले की आपण उत्तर द्यावे, मग पाच-सात सेकंद थांबावे, त्याची पाळी येऊ द्यावी. हे थांबणे मोठ्यांना फार जड जाते. भरवताना, हात धुताना, कपडे बदलताना दिवसातून अनेकदा ही संधी येते, वेगळा वेळ काढावा लागत नाही. सोबत नोंद लिहिण्याची सवय हवी: प्रत्येक मुलाबद्दल रोज दोन ओळी, शेरा न मारता. ‘आज खोडकरपणा केला’ यातून काही कळत नाही. ‘तीन वेळा ठोकळ्यांची रांग पाडली आणि दर वेळी माझ्याकडे पाहिले’ यातून उद्या काय करायचे ते कळते.

टीव्हीबद्दल तर प्रशिक्षकांनी आधी स्वतःशी प्रामाणिक व्हावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांच्या आतील मुलांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. हे वाचून दाखवणे सोपे आहे. पण एकट्या ताईसाठी स्वयंपाकाच्या वीस मिनिटांत टीव्ही हीच दुसरी व्यक्ती असते. त्या वीस मिनिटांसाठी पर्याय दिला नाही, तर सूचना वहीतच राहते. मोठ्या परडीत न तुटणारी भांडी, लाकडी चमचे, कापडाचे तुकडे. ही परडी फक्त त्याच वेळी काढायची आणि नंतर ठेवून द्यायची, म्हणजे तिचे नवेपण टिकते. मुले स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पण नजरेच्या टप्प्यात बसतील अशी अडसराची जागा ताईसोबत घरीच ठरवावी.

आता हे द्यायचे कसे? दिवसभराचे शिबिर म्हणजे पाळणाघराला सुट्टी, ताईच्या कमाईत घट आणि पालकांची रजा. मग ती येतच नाही, किंवा येते आणि मागे कोणाला तरी बसवून येते, जे त्याहून वाईट. आमच्या मते आठ-दहा जणींचा गट, महिन्याला संध्याकाळची किंवा सुट्टीच्या दिवशीची दोन तासांची एक बैठक, एका बैठकीला एकच विषय, आणि त्यानंतर दोन आठवड्यांत प्रशिक्षकाची घरी भेट, हा क्रम चालतो. पहिल्या भेटीत फक्त पाहायचे, सुधारायचे काही नाही. दुसऱ्या भेटीपासून एका वेळी एकच बदल, तोही ताईने निवडलेला. व्हिडिओ माहितीसाठी ठीक, पण हाताच्या कामासाठी निरुपयोगी.

भेटीला येणारी प्रशिक्षक आणि तपासणी करणारी व्यक्ती एकच असता कामा नये. तसे झाले की ताई अडचणी लपवू लागते: झोपेची गादी भेटीपुरती बदलली जाते, टीव्ही बंद होतो, आणि प्रशिक्षकाला जे शिकवायचे तेच दिसेनासे होते. तपासणी हवी, पण तिचे दार वेगळे असावे.

प्रत्यक्ष कामाच्या जागी पाहणी करण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेतील ‘चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट’ या प्रमाणपत्रासाठी 120 तासांचे शिक्षण आणि 480 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, उमेदवाराला मुलांसोबत काम करताना पाहिले जाते, आणि घरी मुले सांभाळणाऱ्यांसाठी त्यात वेगळा विभाग आहे. आपल्या प्रमाणपत्रांवर मात्र बहुधा नाव आणि ‘यशस्वीरीत्या पूर्ण केले’ एवढेच असते. त्यावर किती तास झाले, कोणते प्रात्यक्षिक कोणत्या तारखेला करून दाखवले आणि प्रथमोपचाराची मुदत कधी संपते, हे छापावे. तसे असेल तर त्याच तासांची भर घालत पुढची पायरी गाठता येते आणि पालकांनाही काय विचारायचे ते कळते.

राहिला प्रश्न बदली व्यक्तीचा. प्रत्येक गटामागे एक-दोन प्रशिक्षित बदली ताई तयार ठेवाव्यात, ज्या महिन्यातून एकदा प्रत्येक घरी तासभर जाऊन मुलांच्या ओळखीच्या होतील. आजारपण, कामे, प्रशिक्षण यांसाठी मूळ ताईला सुटता येईल आणि मुलांना अनोळखी चेहऱ्याकडे सोपवावे लागणार नाही. बदली ताईच्या मानधनाची तरतूद प्रशिक्षणाच्या खर्चातच धरावी; सभागृहाच्या भाड्यातून वाचेल त्यातून ती सुरू करता येईल.

आपले,
बालसंगोपन प्रशिक्षकांचा एक गट