मेथीवर काय फवारायचे, आणि किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पालेभाज्यांवरील रोगांसाठी वनस्पतिजन्य उपाय सुचवणारा लेख आपल्या शेती पुरवणीत वाचला. विषय घेतलात हे बरे केले. पण दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेले फवारणीचे पाणी, 'सर्व पिकांवर, सर्व रोगांवर' चालतो असे त्यात सरसकट म्हटले आहे, म्हणून हे पत्र.

मेथी पेरल्यापासून महिनाभरात जुडी बांधून बाजारात जाते. विसाव्या दिवशी पानावर डाग दिसला आणि दुकानदाराने कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी हातात ठेवली, की फवारणी आणि काढणी यांत जेमतेम आठवडा उरतो. फवारले तेच पान ताटात येते. त्यात रोग केवडा (पानावर पिवळे डाग, खाली करडी लव) असेल तर सगळाच खर्च वाया, कारण केवडा आणणारा जीव खरी बुरशी नव्हेच, कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालत नाही. औषध पानावर राहते आणि रोगही राहतो. मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकाला युरोपीय संघाने २०२०च्या अखेरीस मुदतवाढ नाकारली. आपल्याकडेही त्याच वर्षी केंद्राने २७ औषधांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात ही दोन्ही नावे होती. पुढे २०२३ मध्ये त्यातल्या मोजक्याच औषधांवर बंदी आली, या दोन्हींच्या पुड्या आजही मिळतात.

तेव्हा पर्याय हवा, याबद्दल वाद नाही. पण दशपर्णीत काय असते? कडुनिंब, करंज, सीताफळ यांच्या जोडीला कण्हेर, रुई, मोगली एरंड ही विषारी झाडे. कोणी धोतराही टाकतो. वर शेण आणि गोमूत्र. कपाशीवर मारा, कोणाची हरकत नाही. कोथिंबीर मात्र आपण कच्ची चिरून भेळेवर टाकतो. झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक, हे कण्हेरीला अजून कोणी सांगितलेले नाही.

जे चालते ते रोग ओळखून चालते. पानावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर म्हणजे भुरी. तिच्यावर निंबोळी तेलाचा उपयोग होतो, पण पहिले ठिपके दिसताच मारले तर. लिटरला ५ मिली तेल आधी साबणाच्या थोड्या पाण्यात पांढरे होईपर्यंत फेसून घ्यावे लागते. नाहीतर तेल पंपात वर तरंगते आणि शेवटच्या वाफ्याची पाने करपतात. भर उन्हात मारू नये, गंधक फवारले असेल तर दोन आठवडे थांबावे. केवड्याचे तसे नाही. पानाच्या वर पिवळा डाग आणि सकाळी दवात पान उलटून पाहिले की खाली करडी लव दिसते. त्याला तेल आवरत नाही. तिथे पेरणी विरळ करणे आणि संध्याकाळचे पाणी बंद करून सकाळी देणे, एवढेच हातात राहते. रोप जमिनीलगत सडून कोलमडत असेल तर फवारणीच्या मागे लागूच नये; पाण्याचा निचरा, कुजलेले शेणखत आणि पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी.

कडुनिंबाच्या तेलाचा बुरशीनाशक म्हणून वापर हा आमचाच शोध, असे म्हणत एका अमेरिकी कंपनीने आणि तिथल्या कृषी खात्याने १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळवले होते. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि इतरांनी त्याला आव्हान दिले. पुण्याच्या एका उद्योजकाने आपण १९८५-८६ मध्येच अशा चाचण्या घेतल्याची साक्ष दिली, २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. ज्ञान आपले, हे युरोपात जाऊन सिद्ध झाले. पण आज जुन्नरच्या शेतकऱ्याने विचारले, 'मेथीच्या भुरीवर निंबोळी तेल किती मारू आणि काढणीआधी किती दिवस थांबू?' तर त्याला छापील उत्तर हवे, व्हॉट्सॲपवर फिरणारी कृती नको. थांबावे इथेही लागते. कोथिंबिरीवर तेल मारून लगेच काढली तर वासाने व्यापारी जुडी नाकाशी नेऊन परत टाकतो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांनी मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू या चार भाज्या जरी शेतकऱ्यांच्या वाफ्यांवर घेतल्या आणि रोगवार मात्रा, वेळ व काढणीपूर्वीचे दिवस एका पानावर दिले तरी पुष्कळ झाले. आपल्या पुरवणीनेही यापुढे अर्काची कृती छापताना ती कोणत्या रोगासाठी आहे आणि कोणत्या पिकावर वापरू नये, या दोन ओळी सोबत द्याव्यात ही विनंती.

कळावे,
एक पालेभाजी उत्पादक
ता. जुन्नर, जि. पुणे