बाहेर किती वेळा गेलात ते कशाला मोजता?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्ये स्लाऊला राहते, लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या जवळ. माहेर पुण्याचं, त्यामुळे सकाळी चहाबरोबर तुमचा ई-पेपर वाचायची सवय अजून सुटलेली नाही. गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र आलं होतं, की बघा इंग्लंडमध्ये लोक कसे शिस्तीत दिवसातून एकदाच व्यायामाला बाहेर पडतात आणि आपल्याकडे मात्र सकाळी वॉक, संध्याकाळी वॉक, रात्री परत आइस्क्रीम, अशा लोकांमुळेच कोरोना पसरतोय. ते काळजीपोटी लिहितायत हे कळतं, आणि आइस्क्रीमच्या दुकानापुढच्या गर्दीबद्दल मी त्यांच्याच बाजूची आहे. पण तो "दिवसातून एकदाच" वाला नियम मी मागच्या वर्षी सात आठवडे पाळलाय, माझ्या आईने पाळलाय, आणि आता जानेवारी २०२१ पासून परत तेच चालू झालंय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मागच्या फेब्रुवारीत, म्हणजे २०२० मध्ये, आई दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. मार्चमध्ये भारताने बाहेरून येणारी विमानं बंद केली, आणि २३ मार्चला रात्री इथले पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर आले, घरातच थांबा, चारच कारणांसाठी बाहेर पडा, त्यातलं एक कारण दिवसातून एकदा व्यायाम, म्हणजे पळणं, चालणं किंवा सायकल, एकट्याने नाहीतर घरच्यांबरोबर. आईला चौदा वर्षं शुगर आहे. गोळ्या चालू आहेतच, पण तिच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की तिन्ही वेळेला खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालायचंच, कारण जेवल्यावर रक्तात साखर चढते आणि त्याच वेळी पाय हलले की स्नायू ती वापरून टाकतात. आपल्याकडे याला शतपावली म्हणतात, घरोघरी माहितीये. तर मी ते भाषण ऐकता ऐकता तिला मराठीत सांगत होते आणि तिने लगेच विचारलं, "एकदाच म्हणजे कुठल्या जेवणानंतर गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाहीये.

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, छोटा, बाल्कनी नाही. हॉलच्या खिडकीपासून किचनच्या ओट्यापर्यंत आईची सोळा पावलं होतात. पहिले चार-पाच दिवस ती साडीवर माझं जाड जॅकेट आणि स्पोर्ट्स शूज घालून सकाळी आणि संध्याकाळी सॉल्ट हिल पार्कला जायची, तिथे एवढी मोकळी जागा आहे की समोरून येणारा माणूस लांबूनच दिसतो आणि दोघांनाही बाजूला व्हायला भरपूर वेळ मिळतो. मग एक दिवस लिफ्टमध्ये हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला दिसला, की या बिल्डिंगमधले काही लोक दिवसातून दोन-दोनदा बाहेर जातायत आणि बाकीच्यांचा जीव धोक्यात घालतायत. नाव नव्हतं, पण कुणाबद्दल आहे ते कळत होतं. आई शाळेत शिक्षिका होती, तिला इंग्रजी नीट वाचता येतं. तिने तो कागद पूर्ण वाचला, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने बाहेर जाणंच सोडलं, एकदासुद्धा नाही. नियमाने जेवढं दिलं होतं तेवढंही तिने घेतलं नाही, आणि मला वाटतं असं करणारी माणसं इथे खूप असतील, विशेषतः म्हातारी आणि परक्या देशातली, ज्यांना कुणी बोट दाखवलेलं सहन होत नाही.

तिच्या ग्लुकोमीटरचे आकडे मी किचनमधल्या कॅलेंडरवर लिहायचे, ते कॅलेंडर अजून आहे माझ्याकडे. मार्चअखेरपर्यंत रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी १६०-१६५ असायची. मग १८८, २१०, २२६ आणि ९ एप्रिलला २४३. घरात चालायची ती, नाही असं नाही, पण दर सोळा पावलांनी वळायचं म्हणजे गुडघा बोलायला लागतो, तिचाही लागला.

तेव्हा मी एका रात्री बसून नियम वाचून काढले, जे मी आधीच करायला हवं होतं. २६ मार्चला इंग्लंडमध्ये जो कायदा लागू झाला त्यात व्यायामासाठी बाहेर पडायला परवानगी आहे, एकट्याने किंवा घरच्यांबरोबर, एवढंच होतं. किती वेळा ते लिहिलेलंच नव्हतं! "एकदाच" ही सरकारची सूचना होती, कायदा नव्हता. शेजारच्या वेल्समध्ये मात्र "दिवसातून एकदाच" हे कायद्यातच होतं, म्हणजे सीमेच्या अलीकडे सूचना, पलीकडे गुन्हा, आणि विषाणू दोन्हीकडे तोच. मायकेल गोव्ह म्हणून तेव्हा मंत्री होते, ते टीव्हीवर म्हणाले की बहुतेकांना तासभर चालणं किंवा अर्धा तास पळणं पुरे, तर लोकांनी तोही कायदाच धरला. आणि ८ एप्रिलला सरकारने स्वतःच सूचना बदलल्या, ऑटिझम असलेल्या मुलांच्या दोन कुटुंबांनी वकिलांमार्फत दाद मागितल्यावर, की ज्यांना तब्येतीमुळे गरज आहे ते एकापेक्षा जास्त वेळा बाहेर पडू शकतात. मी ते पान प्रिंट करून लिफ्टमधल्या त्या कागदाशेजारी चिकटवलं. आईला तरी बाहेर पडायला अजून दोन दिवस लागले. २० एप्रिलनंतर कॅलेंडरवर परत १७०, १६२ दिसायला लागले आणि मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

आता मुद्द्यावर येते. दोनदा गेल्याने काही फरक पडतो का? मला वाटतं प्रश्नच चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवतोय. नियमात वेळेची मर्यादा नव्हती, म्हणजे एखादा माणूस एकदाच बाहेर पडून पाच तास भर गर्दीच्या रस्त्याने हिंडला तर तो नियम पाळणारा, आणि माझी आई पंधरा-पंधरा मिनिटं रिकाम्या मैदानात दोनदा चालली तर ती नियम मोडणारी. बरं, सगळ्यांना एकदाच म्हटलं की ती एक वेळ सगळे एकाच वेळेला वापरतात, चांगलं ऊन पडलं की दुपारी सगळं शहर बागेत. लंडनमध्ये ४ एप्रिलला ब्रॉकवेल पार्कला दिवसभरात ३००० लोक आले म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या कौन्सिलने बागच बंद केली. त्या ३००० पैकी बहुतेक जण त्या दिवशी एकदाच बाहेर पडले असतील की! तेच लोक थोडे सकाळी थोडे संध्याकाळी असे आले असते तर एवढी दाटी झाली असती का? आणि ज्यांच्या घरामागे बाग आहे ते दिवसातून वीस वेळा बाहेर जाऊन येतात, त्यांना कोण मोजतं? ब्रिटनमध्ये आठातल्या एका घराला स्वतःची बाग नाही, लंडनमध्ये पाचातल्या एका घराला नाही. हा नियम त्या एका घरासाठीच होता, बाकीच्यांना त्याची झळ तेवढी लागलीच नाही.

आणि उघड्यावर हा रोग किती पसरतो हे आता बऱ्यापैकी कळलंय. चीनमध्ये एका अभ्यासात ७३२४ रुग्णांची माहिती तपासली, एकाचा दुसऱ्याला कुठे लागला ते, तर मोकळ्या हवेत लागण झाल्याचं एकच प्रकरण सापडलं, दोन माणसांचं, एका खेड्यातलं. बाकी घरं, बस, ट्रेन, हॉटेलं, म्हणजे सगळं बंदिस्त. मागच्या मार्चमध्ये कुणालाच नीट काही माहिती नव्हतं, लोकांना सोपं एक वाक्य सांगायचं होतं, ते मी समजू शकते, त्याबद्दल माझा राग नाही. पण आता माहिती असताना तेच वाक्य परत का?

खरा धोका मला विचाराल तर आमच्या लिफ्टमध्ये होता. चार माणसांची लिफ्ट, खिडकी नाही, पंखा चालू असेल तर असेल, आणि माझ्याआधी कोण खोकून गेलं ते कळायला मार्ग नाही. बागेत जायला-यायला प्रत्येक वेळी ही लिफ्ट दोनदा आणि खालचा दरवाजा दोनदा. म्हणजे दोनदा बाहेर जाण्याला विरोध करायचा असेल तर लिफ्टचं कारण योग्य आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते, आणि तो कागद ज्याने लावला त्याच्या मनात कदाचित तेच असेल. पण मग उपाय लिफ्टवर करा ना. आम्ही नंतर केलाच. लिफ्टमध्ये एका वेळी एकाच घरची माणसं, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या धडधाकट लोकांनी जिना वापरायचा, जिन्याच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, दाराच्या हँडलजवळ सॅनिटायझरची बाटली. आई उतरताना जिन्याने जायची, चढताना लिफ्टने, आणि समोर कुणी उभं असेल तर थांबायची. एवढ्याने काम झालं, दिवसातून किती वेळा ते परत कुणी विचारलं नाही. १३ मेपासून तर सरकारनेच इंग्लंडमध्ये हवा तितका वेळ, हव्या तितक्या वेळा व्यायामाला परवानगी दिली, आणि बागांमधून मोठी साथ पसरल्याचं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

आता या जानेवारीत (२०२१) परत तिसरा लॉकडाऊन आहे आणि परत सूचना तीच, दिवसातून एकदा, आपल्याच भागात. कायद्यात याही वेळी आकडा नाहीये. डर्बीशायरमध्ये दोन मैत्रिणी वेगवेगळ्या गाड्यांनी पाच मैलांवरच्या एका तलावाकाठी चालायला गेल्या, हातात कॉफीचे कप होते, तर पोलिसांनी कॉफी म्हणजे पिकनिक झाली म्हणून दोघींना २०० पाउंडचा दंड ठोकला. आठवड्याभरात तो रद्द करून माफी मागावी लागली. पंतप्रधान स्वतः घरापासून सात मैलांवर ऑलिम्पिक पार्कमध्ये सायकल चालवताना दिसले, त्यावरून पेपरात गदारोळ झाला. मला त्यांच्या सायकलीशी काही देणंघेणं नाही, उघड्यावर सायकल चालवली तर चांगलंच आहे. वाईट याचं वाटतं की परवा १३ तारखेला इथे एका दिवसात १५६४ मृत्यू नोंदवले गेले, हॉस्पिटलं तुडुंब आहेत, विषाणूचा हा नवा स्ट्रेन, म्हणजे बदललेला प्रकार, खरंच फार पटकन पसरतोय, आणि आपण सगळे मिळून मोजतोय काय, तर कोण किती मैल गेलं आणि किती वेळा गेलं. गोडाउनमध्ये, फॅक्टरीत, बसमध्ये जे लोक रोज खेटून काम करतायत, बरं वाटत नसताना पगार बुडेल म्हणून कामावर जातायत, त्यांच्याकडे तेवढं लक्ष नाही.

शिवाय इथला हिवाळा. आत्ता सकाळी आठला उजाडतं आणि सव्वाचारला अंधार. मी घरूनच काम करते, मीटिंगमधून सुटून उजेडात जेमतेम वीस मिनिटं मिळतात दुपारी, ती घेतली की दिवसाचा कोटा संपला, मग संध्याकाळी डोकं भणभणलं तरी घरातच. आपल्यासारख्या सावळ्या लोकांना इथे व्हिटॅमिन डी च्या गोळ्या घ्यायला सांगतात. त्या मी घेते. पण मी आता संध्याकाळीही जाते, मास्क खिशात ठेवून, अंधारात, सॉल्ट हिल पार्कला एक चक्कर, आणि मला त्याबद्दल अपराधी वाटत नाही.

आई जुलैअखेर वंदे भारतच्या, म्हणजे परदेशात अडकलेल्यांना परत नेणाऱ्या सरकारी मोहिमेच्या, विमानाने परत गेली. सात दिवस हॉटेलात क्वारंटाईन, तिथे ती पलंग ते खिडकी अशी चालली, मला फोनवर पावलं सांगायची. आता पुण्यात आहे. आणि म्हणूनच तुमच्या त्या वाचकांना मला सांगायचंय, की महाराष्ट्रात जूनमध्ये मिशन बिगिन अगेन, म्हणजे लॉकडाऊन टप्प्याटप्प्याने उठवणं, सुरू झालं तेव्हा सरकारने पहाटे पाच ते संध्याकाळी सात चालायला, पळायला, सायकलला परवानगी दिली होती, घोळक्याने करायचं नाही एवढी अट होती, किती वेळा ते विचारलं नव्हतं, आणि मला तो नियम इथल्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो. नियमांत शहाणपणा होता तरी सोसायट्यांनी आपापले नियम वर चढवलेच. आईच्या सोसायटीत आधी तीन महिने खालच्या पार्किंगमध्येही फेऱ्या मारू देत नव्हते. मग डिसेंबरात इथल्या स्ट्रेनमुळे रात्री अकरा ते सहा संचारबंदी लागली, तर कमिटीने रात्री आठलाच गच्चीला कुलूप लावायला सुरुवात केली. संचारबंदी रस्त्यावर होती, गच्चीवर नव्हती, आणि अकराला होती, आठला नव्हती. ती ५ जानेवारीला संपली. कुलूप अजून आहे.

आई साडेआठला जेवते. तिच्या बिल्डिंगमध्ये साठीच्या पुढची बरीच मंडळी आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांना शुगर आहे. तुमचा पेपर ज्या ज्या सोसायटीत जातो तिथल्या चेअरमन आणि सेक्रेटरींना माझी हात जोडून विनंती आहे, गर्दी होईल अशी भीती वाटत असेल तर मजल्याप्रमाणे वेळा वाटून द्या, मास्क सक्तीचा करा, पण गच्चीची चावी निदान रात्री दहापर्यंत वॉचमनकडे ठेवा.

आपली एक वाचक,
स्लाऊ, इंग्लंड
१५ जानेवारी २०२१